चोवीस फुटी कमानीची किंमत: फुग्यांच्या एका मोठ्या ऑर्डरचा हिशेब

चिंचवडमधल्या एक ताई फुग्यांची सजावट करतात. पहिला वाढदिवस, बारसं, डोहाळजेवण अशी घरगुती कामं. दहा फुटांचं गार्लंड (फुग्यांची जाड माळ), मागे गोल रिंग, बाळाच्या नावाची पाटी. दर ठरलेला: गार्लंडला फुटामागे ३०० रुपये, बाकीचं वेगळं. पुण्याच्या बोहरी आळीतल्या घाऊक बाजारातून आणलेला माल, स्वतःची मेहनत आणि सोबत एक मुलगी, एवढं धरून हा दर त्यांनी काढला होता आणि घरगुती कामाला तो चोख बसत होता. सकाळी दहाला जायचं, दुपारी दोनला मोकळं व्हायचं.

मग चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीतून चौकशी आली. कंपनीला २५ वर्षं झाली म्हणून डिसेंबरमध्ये फॅमिली डे, संध्याकाळी चारपासून, कंपनीच्याच मैदानावर, उघड्यावर. मागणी अशी होती: प्रवेशद्वारावर २४ फूट रुंद, १२ फूट उंच फुग्यांची कमान. स्टेजच्या दोन्ही बाजूंना १५-१५ फुटांचं गार्लंड. सहा फूट उंचीचा ‘२५’ आकडा. काउंटडाउन संपला की स्टेजवरच्या जाळीतून एक हजार फुगे खाली पडायला हवेत. शिवाय मुलांना वाटायला ३०० गॅसचे फुगे. मैदान आदल्या रात्री दहाला ताब्यात मिळणार, सकाळी अकराला साउंड चेक, त्याआधी काम संपलेलं हवं.

ताईंनी त्याच संध्याकाळी कोटेशन तयार केलं. कमान २४ फूट गुणिले ३००, म्हणजे ७,२००. स्टेजचे ३० फूट, ९,०००. जाळीतले हजार फुगे दहा रुपयांप्रमाणे १०,०००. आकडा ३,०००. गॅसचे फुगे चाळीस रुपयांना एक, १२,०००. एकूण ४१,२००. त्यांच्या आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या कामाच्या चौपट रक्कम होती ती. कंपनीला पाठवण्याआधी तो कागद त्यांनी माझ्याकडे पाठवला, कारण त्यांचा हिशेब मी बघतो आणि त्यांना जीएसटीचं विचारायचं होतं. जीएसटीचं उत्तर सोपं होतं. सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे, त्या तिच्या बऱ्याच खाली आहेत, त्यामुळे बिलात कर लावायचा नाही. पण कागदावरचा पहिलाच आकडा मला खटकला.

(नावं आणि ओळख पटेल अशा खुणा काढल्या आहेत, आकडे थोडे गोल केले आहेत. दर त्यांच्या बिलांवरचे, त्या आठवड्याचे.)

कमान खरंच किती फुटांची

चोवीस फूट ही दाराची रुंदी. फुगे लागतात ते कमानीच्या लांबीला. १२ फूट उंच आणि २४ फूट रुंद म्हणजे बरोबर अर्धं वर्तुळ, त्रिज्या १२ फूट. त्याची आतली कडाच ३८ फूट भरते. आणि गार्लंडला जाडी असते. तीन फूट जाडीचं गार्लंड असेल तर त्याची मधली रेषा साडेतेरा फुटांच्या त्रिज्येवर येते, म्हणजे लांबी सव्वाबेचाळीस-साडेबेचाळीस फूट. आपण ४२ धरू. कोटेशनमध्ये मात्र २४ लिहिले होते. म्हणजे जवळपास निम्मं काम कागदावर आलेलंच नव्हतं, आणि हे फक्त लांबीचं झालं.

तीन फूट जाडी का, तर लोक बसमधून उतरून पन्नास-साठ पावलांवरून दार बघणार. घरात सोफ्यामागे लावतो ते दीड फुटाचं गार्लंड तिथे दोरीसारखं दिसेल. जाडी दुप्पट केली की दर फुटाला भरायची जागा चौपट होते, कारण रुंदी आणि खोली दोन्ही वाढतात. चौपट जागा चौपट फुग्यांनीच भरावी लागत नाही, मोठे फुगे घातले की संख्या आटोक्यात राहते. पण मोठा फुगा महाग. ताईंनी हॉलमध्ये एक फुटाचा नमुना भरून पाहिला. एक १८ इंची, सात १२ इंची (दहा-साडेदहा इंचांपर्यंत फुगवलेले) आणि सहा ५ इंची, असे फुटाला चौदा फुगे बसले. ४२ फुटांना ५८८. फुटणारे, गाठीत फाटणारे, रंगात डाग असलेले असे दहा टक्के जास्तीचे धरून साधारण ६५०.

हा एक फुटाचा नमुना मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तासाभराचं काम आणि शंभरेक रुपयांचा माल. पण त्यानंतर ‘साधारण किती लागतील’ हा प्रश्नच उरला नाही. १८ इंची ३५ रुपये, १२ इंची ६ रुपये, ५ इंची २ रुपये या दरांनी कमानीच्या सगळ्या फुग्यांची किंमत आली ४,१२० रुपये.

म्हणजे सात हजार दोनशेत फुग्यांचे पैसे आरामात निघत होते. ताई म्हणाल्या, “मग बरोबरच आहे की, तीन हजार सुटतात.” इथेच या धंद्यात लोक फसतात. डोळ्यांना फुगे दिसतात, म्हणून किंमतही फुग्यांची वाटते.

रात्र किती तासांची

मोठ्या कामात विकले जातात ते माणसांचे तास. म्हणून पुढची बैठक घड्याळावर झाली.

दोन नळ्यांचा इलेक्ट्रिक पंप, एक जण फुगवणार, एक जण गाठ मारणार. मापात फुगवायचं तर प्रत्येक फुगा मापाच्या खोक्यातून काढावा लागतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला दहा इंचांचं गोल भोक पाडलेलं असतं. फुगा त्यात धरायचा, कडेला घासला तर थोडी हवा सोडायची, सैल बसला तर अजून एक फुंकर. हे न करता अंदाजाने फुगवलं की एकाच गार्लंडमध्ये नऊ इंचीही येतात आणि बाराही, कमान लांबून खडबडीत दिसते. अशा पद्धतीने दोन सराईत माणसं तासाला १५० फुगे काढतात. कमानीचे ६५०, स्टेजचे ३००, जाळीतले ११००, असे २,०५० फुगे झाले. म्हणजे जोडीचे पावणेचौदा तास, एका माणसाचे सत्तावीस.

मग आधी फुगवून का नेऊ नयेत, हा ताईंचा पुढचा प्रश्न. जाळीतल्या नऊ इंची हजार फुग्यांनाच साडेतीनशे घनफुटांच्या वर जागा लागते. ‘छोटा हत्ती’ टेम्पोचा हौदा वर ताडपत्री बांधून सहा फूट उंच केला तरी दोनशेच्या आसपास भरतो. एवढ्यासाठीच दोन खेपा, त्यात रस्त्यावरच्या धक्क्यांनी फुटणारे वेगळे. तेव्हा फुगवायचं ते जागेवरच.

कमान सांगाड्यावर चढवायला तीन माणसं पाच तास, म्हणजे १५. स्टेजला ८, जाळी भरून वर ओढायला ८, आकड्याला ३. सगळे मिळून ६१ माणूस-तास. रात्री दहा ते सकाळी अकरा हे कागदावर तेरा तास, पण माल उतरवणं, वायर ओढणं, जेवण, पहाटे तीन ते पाच मंदावणारे हात हे वजा केले की खऱ्या कामाचे नऊ उरतात. ६१ भागिले ९, म्हणजे सात माणसं. ताई धरून सात, सहा मदतनीस.

घरगुती कामात हा भागाकार कधी करावाच लागत नाही. वेळ कमी पडला तर तासभर उशीर होतो, पाहुणे समजून घेतात. इथे अकरा म्हणजे अकरा. मुदत जितकी घट्ट तितकी माणसं जास्त, आणि अर्धा माणूस लावता येत नाही.

कागदावर आलेला खर्च

गॅसचे फुगे बाजूला ठेवून बाकीचा खर्च असा निघाला:

फुगे (कमान ४,१२०, स्टेज १,२५०, जाळी २,७५०): ८,१२०
जाळी आणि ओढदोरी: ३,०००
तंगूस (नायलॉनचा दोरा), फुगे अडकवायची पट्टी, ग्लू डॉट (चिकट ठिपके), झिप टाय: १,२००
‘२५’चा आकडा: ५,०००
कमानीचा लोखंडी सांगाडा, वाळूच्या गोण्यांसह, मांडववाल्याकडून भाड्याने: ६,०००
शिड्या आणि घोडे (उभं राहून काम करायचे स्टँड): २,५००
टेम्पो, दोन दिवस: ५,०००
सहा मदतनीस, रात्रपाळी १,२०० प्रमाणे: ७,२००
दुसऱ्या रात्री उतरवणारे चौघे: २,०००
जेवण-चहा: १,८००
ताईंची स्वतःची मजुरी, पाहणी-खरेदी-रात्र मिळून तीन दिवस: ६,०००

एकूण ४७,८२०. त्यात फुगे ८,१२०, म्हणजे शंभरातले सतरा रुपये.

पहिल्या कोटेशनमध्ये गॅस वगळून याच कामाचे २९,२०० लिहिलेले होते. ते कंपनीने हसत मान्य केलं असतं आणि ताईंच्या खिशातून साडेअठरा हजार गेले असते. स्वतःची मजुरी सोडून दिली असती तरी साडेबारा हजार.

दोन ओळींबद्दल थोडं सांगायला हवं. आकडा ताईंनी थर्मोकोलचा धरला होता, म्हणून तीन हजार. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. कंपनीच्या कार्यक्रमात, फोटोंसकट, तो धोका कशाला घ्यायचा? त्याऐवजी सनबोर्ड (फोमचा कडक फलक) कापून घेतला, पाच हजार. दुसरी ओळ सांगाड्याची. सहा हजार ऐकून ताई बिचकल्या, म्हणाल्या बांबूवर बांधू. पण ४२ फूट लांब आणि तीन फूट जाड गार्लंड म्हणजे सव्वाशे चौरस फुटांचा पडदाच. ताशी तीस किलोमीटरचा वारा समोरून आला तर त्यावर साधारण पन्नास किलोचा रेटा येतो, आणि खालून लोक लहान मुलं घेऊन जात असतात. इथे काटकसर करायची नाही, हे मी त्यांना जरा जोरातच सांगितलं.

खर्च म्हणजे किंमत नव्हे. पंपाची झीज, फोन, न मिळालेल्या ऑर्डरींसाठी केलेल्या खेपा, फोटो आणि जाहिरात, यांसाठी दहा टक्के धरले: ५२,६००. ऐनवेळी पुन्हा करावं लागणारं काम, वारा, ऊन, थांबलेला टेम्पो यांसाठी पाच टक्के: ५५,२३०. त्यावर वीस टक्के नफा: ६६,३०० च्या आसपास. ताईंनी ६६,५०० लिहिले. मजुरी वेगळी आणि नफा वेगळा का, असं त्यांनी विचारलं. मजुरी त्यांच्या हातांची. त्या आजारी पडल्या आणि दुसऱ्या कुणाला उभं केलं तर ती त्या माणसाला जाईल. नफा धंद्याचा. पुढचा पंप, स्वतःचा सांगाडा, रिकामा गेलेला पावसाळा यातून निघतो.

या कामात मध्ये कुणी नव्हतं, पण इव्हेंटवाल्यांमार्फत काम आलं की ‘आमचे दहा टक्के पकडा’ असं सांगतात. तेव्हा ६६,५०० मध्ये दहा टक्के मिळवून भागत नाही. मिळवले तर ७३,१५० होतात, त्यातले दहा टक्के गेले की हातात ६५,८३५ उरतात. ६६,५०० ला ०.९ ने भागायचं, ७३,९०० येतात.

गॅस

तीनशे गॅसच्या फुग्यांची किंमत मी मुद्दाम वेगळ्या कागदावर काढायला लावली. हेलियम आपल्याकडे जवळपास सगळा बाहेरून येतो, आणि जगात तो पुरवणारे मोजकेच देश आहेत. २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली, तिथले हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले आणि जगभर टंचाईची धास्ती पसरली. अशा मालाचा भाव महिनाभर आधी बांधून देऊ नये. म्हणून हेलियमची ओळ वेगळी आणि तिच्यापुढे ‘दर ७ दिवसांपुरता’.

११ इंची फुग्याला साधारण १४ लिटर गॅस लागतो. तीनशेंना ४,२०० लिटर, गळती धरून पाच घनमीटर. सात घनमीटरचा मोठा सिलिंडर त्या आठवड्यात १८,००० ला होता आणि अर्धा सिलिंडर कुणी देत नाही. त्यात फुगे, रिबिनी आणि भरणाऱ्यांची मजुरी मिळवून २१,९८०, वर पंधरा टक्के धरून २५,३००. एका फुग्याला चौऱ्याऐंशी रुपये, जिथे ताईंनी चाळीस लिहिले होते.

एचआरच्या मॅडमना अजून हवे होते ‘पाच-सहा मोठे, तीन फुटी’. आकार मोठा झाला की किंमत कशी उडी मारते ते इथे नीट दिसतं. अकरा इंचांवरून तीन फुटांवर गेलं की व्यास सव्वातीन पट होतो, पण तीन फुटी फुगा ४०० लिटरच्या आसपास गॅस पितो, म्हणजे जवळपास तीस पट. एका सिलिंडरमध्ये असे सतराच होतात, एकेकाला हजारावर रुपयांचा नुसता गॅस. ‘थोडे मोठे करा ना’ हे चार शब्द सजावटवाल्याने कधी हसून सोडून देऊ नयेत. हवेच्या फुग्यात हवा फुकट असते, तिथे निदान रबर आणि वेळच वाढतो. हेलियममध्ये प्रत्येक लिटर विकत घेतलेला असतो.

ताईंना एकाने एक तृतीयांश दरात ‘गॅस’ देऊ केला होता. तो हायड्रोजन. फुगा तोही उडवतो, आणि ठिणगी मिळाली की पेट घेतो. जत्रेतल्या फुगेवाल्यांचे सिलिंडर फुटून माणसं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. २०१२ च्या मे महिन्यात आर्मेनियातल्या येरेवान शहरात एका राजकीय सभेत गॅसच्या फुग्यांनी पेट घेतला आणि शंभराहून जास्त लोक भाजले. स्टेजवर कोल्ड पायरो (ठिणग्यांची कारंजी), कोपऱ्यात कुणाची सिगारेट, आणि हातात फुगे घेतलेली तीनशे मुलं. ताईंनी त्या माणसाला तिथल्या तिथे नकार दिला आणि कोटेशनमध्ये एक ओळ घातली: ‘गॅस म्हणजे फक्त हेलियम.’ ही ओळ प्रत्येक सजावटवाल्याच्या कोटेशनमध्ये असावी, असं मला मनापासून वाटतं. स्वस्तातला प्रतिस्पर्धी कशामुळे स्वस्त आहे, हे गिऱ्हाइकाला तिच्यामुळेच कळतं.

‘पंचावन्नात बसवा’

दोन्ही कागद गेले: ६६,५०० आणि २५,३००. दुसऱ्या दिवशी फोन. “ताई, काम आवडलंय, पण आमचं बजेट पंचावन्नचं आहे. त्यात बसवा ना.”

अशा वेळी दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं, एवढं एक आम्ही आधी ठरवलं होतं. कारण दर उतरला की तुम्ही कबूल करता की आधीचा दर फुगवलेला होता. ताईंनी मॅडमना विचारलं, यातलं कशावाचून चालेल?

गॅसचे फुगे लगेच गेले. त्याऐवजी हवेचे फुगे काडीवर लावून द्यायचे ठरलं. काडी कागदाची, कारण फुग्यांच्या प्लास्टिक काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. तीनशेंचे ३,६००.

मग मॅडम म्हणाल्या, कमान एका बाजूनेच पूर्ण आणि दुसरीकडे अर्ध्यावर सोडलेली चालेल, फोटोंमध्ये हल्ली तशीच असते. ४२ फुटांची २८ झाली. मॅडमची अपेक्षा होती की कमान एक तृतीयांश कमी झाली, तर पैसेही तेवढे कमी व्हावेत. पण कमी काय झालं? फुगे १,३७३ रुपयांचे, एका मदतनिसाची रात्र आणि जेवण १,४५०, सांगाड्याचे १,५००. टेम्पो तोच, शिड्या त्याच, ताईंची रात्र तीच. टक्केवारीसकट सहा हजार उतरले. ताईंनी हे त्यांना ओळ न ओळ दाखवलं आणि मॅडमनी ते मान्य केलं. खर्चाचा सगळा कागद गिऱ्हाइकासमोर उघडावा असं मी म्हणणार नाही, पण काम कमी करताना त्यातला किती भाग आकारावर अवलंबून आहे आणि किती नाही हे दाखवता आलं पाहिजे.

‘२५’चा आकडा कंपनीच्या फ्लेक्सवाल्याकडे गेला. ७,३०० कमी.

सगळ्यात जास्त वाचले असते ते जाळीवर, बारा हजार. मॅडम म्हणाल्या, “जाळी नको, फुगे वर आकाशातच सोडू, तेही छान दिसतं.” ताईंनी आधी हिशेब सांगितला: हजार फुगे वर जायला हेलियम हवा, म्हणजे दोन सिलिंडर पूर्ण भरून. मग क्लीव्हलंडची गोष्ट सांगितली, जी मी त्यांना सांगितली होती. २७ सप्टेंबर १९८६ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात निधी गोळा करायच्या कार्यक्रमात सुमारे चौदा लाख फुगे एकदम सोडले. पावसाळी हवेने ते खाली दाबले गेले, रस्त्यांवर आणि ईरी तलावावर पसरले, तळ्याकाठच्या विमानतळाची धावपट्टी बंद ठेवावी लागली, आणि तलावात बेपत्ता झालेल्या दोन मासेमारांचा शोध घेणाऱ्यांना पाण्यावर फुगे आणि माणसाचं डोकं यातला फरक कळेना. दोघेही नंतर मृत सापडले. आपले हजार फुगे त्यामानाने काहीच नाहीत, पण ते चाकणच्या शेतांत आणि विजेच्या तारांवरच पडणार. मॅडमनी जाळी ठेवली.

६६,५०० मधून ६,००० आणि ७,३०० गेले, ३,६०० आले: ५६,८००. शेवटी ५६,००० वर ठरलं. ते आठशे ताईंनी सोडले, तेवढं चालतं.

पैशांच्या अटींवर मात्र त्या अडून बसल्या आणि ते योग्यच होतं. कंपनीची पद्धत साठ दिवसांनी पैसे देण्याची. ताईंना टेम्पो, मजूर आणि मांडववाला यांचे पैसे त्याच आठवड्यात द्यायचे. त्यांनी निम्मे, २८,०००, आगाऊ मागितले. उरलेल्यांसाठी उद्यम नोंदणीचं (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र जोडलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, असं २००६ चा कायदा सांगतो. वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, असा बदल आयकरातही आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आहे. कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना हे पाठ असतं. कोटेशनवर उद्यम क्रमांक दिसला की साठ दिवसांचा विषय सहसा निघत नाही. एक टक्का टीडीएस कापला जाईल, तो पॅनवर दिसेल, हेही ताईंना आधी सांगून ठेवलं.

रात्र आणि दुपार

मैदान दहाऐवजी साडेअकराला मिळालं. आत ट्रक अडकला होता. ताईंनी गेटवर थांबल्याची वेळ तिथल्या सुपरवायझरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतली, ज्याचा पुढे उपयोग झाला.

थंडी होती. रात्रीचे फुगे थंड हवेत भरलेले असतात, दुपारी ऊन लागलं की फुगतात. बारा अंशांवरून तीस अंशांवर गेलं तर आतली हवा सहा टक्क्यांनी वाढते, ते रबराला सोसतं. सोसत नाही ते सरळ ऊन. गडद फुगा ते शोषून घेतो, त्याचं रबर हवेपेक्षा कितीतरी तापतं आणि जिथे ताण जास्त तिथे फाटतं. कंपनीचा रंग गडद निळा आणि केशरी. लोगोचा निळा हुबेहूब हवा असा आग्रहही झाला होता. त्यासाठी एका रंगाचा फुगा दुसऱ्याच्या आत घालून फुगवावा लागतो, म्हणजे फुगे दुप्पट आणि वेळ जवळपास दुप्पट. ताईंनी बाजारात मिळणाऱ्या निळ्याचा नमुना आधीच मॅडमना दाखवून तो विषय मिटवला होता. निळे फुगे त्यांनी मापाच्या खोक्यात अर्धा इंच कमी फुगवले आणि कमानीच्या पश्चिमेच्या बाजूला केशरी जास्त ठेवले.

तरी दोन ते चारच्या उन्हात सत्तरेक फुटले, बहुतेक निळेच. एक मुलगी शिडीवर, एक खाली जास्तीच्या फुग्यांची पिशवी घेऊन, अशा दोघी शेवटपर्यंत थांबल्या होत्या. फुटलेल्याचं रबर काढायचं, त्याच फटीत नवा फुगा ग्लू डॉटने बसवायचा. पाहुणे यायला लागले तेव्हा कमान भरलेली होती. जाळीची ओढदोरी आठला ओढली, फुगे वाऱ्याने थोडे डावीकडे सरकून पडले, आणि मुलं तिकडे धावली.

जास्तीचा खर्च आला तो असा: टेम्पो थांबल्याचे ८००, दोन मदतनीस दुपारपर्यंत थांबवल्याचे १,२००, जास्तीचे फुगे ४००. एकूण २,४००. जोखमीसाठी धरलेले पाच टक्के सव्वादोन हजारांच्या आसपास होते, म्हणजे थोडे कमीच पडले. उघड्यावरच्या कामाला मी आता आठ धरायला सांगतो.

कमी केलेल्या कामाचा अंदाजी खर्च ४०,९०० होता, प्रत्यक्षात ४३,३०० झाला. ५६,००० मधून १२,७०० उरले. त्यातले ४,१०० वरकड खर्चाचे (पंपाची झीज, फोन वगैरेंसाठी धरलेले दहा टक्के), निव्वळ नफा ८,६००. ताईंची सहा हजार मजुरी यात आधीच निघालेली आहे.

दीड तास उशिरा मैदान मिळाल्याचे २,००० त्यांनी बिलात वेगळे लावले, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या नोंदीसह. कंपनीने त्यातले १,००० मान्य केले. बाकी रक्कम मुदतीच्या आत खात्यावर आली.

आता त्यांच्या रेट कार्डवर फुटाचा दर फक्त १५ फुटांपर्यंतच्या, घरातल्या कामासाठी आहे. त्यापुढच्या कामासाठी त्या आधी पाच गोष्टी विचारतात: जागा उघडी की बंदिस्त, रुंदीसोबत उंची किती, मैदान किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता सोडायचं, वीज कुठून, आणि उतरवायचं कुणी. शेवटचा प्रश्न मी घालायला लावला. रात्री दहानंतर चार माणसांनी ५८ फूट गार्लंडचे फुगे फोडून, रबर पोत्यांत भरून मैदान झाडून देणं हे काम दोन हजारांत होत नाही. पुढच्या कोटेशनमध्ये त्याची ओळ साडेतीन हजारांची आहे.